मदत हवी आहे: खुराड्यात रात्री कोण शिरतंय?

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात वाळपईजवळ राहतो. मागीलदारी 11 गावठी कोंबड्या होत्या, आठवड्यात 8 उरल्या. दार बंद, कडी जागेवर. सकाळी जाळीपाशी मुंडकं नसलेली तलंग (तरुण कोंबडी) पडलेली, बाकी अंग तसंच. मुंगूस दिवसा फिरतं, म्हणून माझा संशय उदमांजरावर. आई म्हणते, फणस पिकले की ते येतंच. जाळीची भोकं इंचभर. त्यातून पंजा घालून ओढत असेल का? अर्ध्या इंचाची वेल्डमेश (जोडलेल्या तारांची जाळी) आपल्या पावसात किती टिकते? जमिनीत किती खोल पुरायची? चिऱ्याचा चौथरा परवडणार नाही. सापळा लावा म्हणू नका, 1972 च्या वन्यजीव कायद्याने उदमांजर संरक्षित आहे. उरलेल्या कोंबड्या आता आंब्यावर चढून बसतात, तिन्हीसांजेला उतरवताना माझीच दमछाक.