लग्न झालेल्या जोडप्यानं कंडोम वापरणं म्हणजे अविश्वास आहे का?

मानेवाड्याची_वैदेही: तांबी बसवली की चिंता मिटली, असं आमच्याकडे बहुतेक जोडपी धरून चालतात. तांबी गर्भ रोखते, गुप्तरोग नाही. नात्यातल्या एकीला अंगावरून पांढरं जायचं. तपासणीत ट्रायकोमोनास हा गुप्तरोग निघाला. डॉक्टरांनी दोघांनाही गोळ्या दिल्या. तिनं घेतल्या, नवऱ्याचं पाकीट टीव्हीमागे तसंच पडून. "मले काही त्रास नाही, मी काहून खाऊ?" काही दिवसांनी तिला परत तेच. कंडोम वापरा म्हटलं तर घरात महाभारत, "माझ्यावर संशय घेतेस?" मला हे अन्यायाचं वाटतं. दुखणं तिचं, गोळ्या तिच्या, वरून बोलणीही तिलाच.

महालचा_विनोद: एका माणसावरून सगळ्या नवऱ्यांना धरू नका, ताई. दोघं एकनिष्ठ असतील तर कंडोम कशाला? दुसऱ्या मुलानंतर आमच्या हिनं ऑपरेशन केलं, स्वतःच्या मर्जीनं. नवरा-बायकोच्या मधात उगाच रोगाची भीती आणू नका.

सक्करदरा_मेडिकलवाला: काउंटरवर रोज पाहतो. कंडोम मागायला माणूस गर्दी ओसरायची वाट पाहते. संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घ्यायची ७२ तासांची गोळी मात्र काही जण महिन्या-महिन्याला नेतात. ती अडीनडीची गोळी आहे, आणि रोगापासून तिचा काडीचा उपयोग नाही.

नर्सताई_इतवारी: विनोदभाऊ, मर्जीचं म्हणता तर २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या शंभर विवाहित बायकांपैकी ३८ जणींची नसबंदी झालेली, पुरुषांची ०.३ टक्के. सगळ्या बायकांचीच मर्जी कशी? पुरुषांचं ऑपरेशन बिनटाक्याचं होते, भरती राहावं लागत नाही.

महालचा_विनोद: कमजोरी येते म्हणतात ना! अंगमेहनतीची कामं करणाऱ्यानं काय करावं?

नर्सताई_इतवारी: येत नाही. फक्त शुक्रनलिका बंद करतात, हार्मोन पहिल्यासारखेच राहतात. पहिले तीन महिने मात्र कंडोम लागतेच, मग वीर्यतपासणी करून खात्री करायची.

मानेवाड्याची_वैदेही: आणि एकनिष्ठ असणं वेगळं, निरोगी असणं वेगळं. लग्नाआधीचा संसर्ग लक्षणं न दाखवता वर्षानुवर्षं राहू शकतो. क्लॅमिडिया या गुप्तरोगानं बाईच्या गर्भनळ्या बंद होऊ शकतात, मग मूल होत नाही, आणि दोष तिलाच लागतो.

महालचा_विनोद: बरं, एकदा तपासणी करू, हे पटते. पण ओळखीचं कोणी भेटलं तर?

नर्सताई_इतवारी: नागपूरच्या मेडिकल, मेयो या सरकारी दवाखान्यांत एचआयव्हीची तपासणी मोफत होते, रिपोर्ट गुप्त राहतो. आधी विचारायचं असेल तर एड्स हेल्पलाइनच्या १०९७ वर फोन करा. बाकी गुप्तरोगांच्या तपासण्याही तिथेच विचारून घ्या, आणि दोघं सोबत जा.

महालचा_विनोद: जाऊ. पण जन्मभर कंडोम, हे मला मान्य नाही.

मानेवाड्याची_वैदेही: जन्मभर कोण म्हणतंय? दोघांचे रिपोर्ट हाती येईपर्यंत तरी वापरा.