पेटीतला कॅरिअर टाक्यांवर येतोय, शनिवारच्या आत काय करू?

प्रेषक: सात आठवड्यांच्या बाळाची आई

नमस्कार मंडळी,
आपल्या गटाच्या उसन्या वस्तूंच्या पेटीतला, बाळ छातीशी बांधून घ्यायचा निळा बकलवाला कॅरिअर परवा मावशींकडून आणला. बाळ ४.६ किलोचं आहे. पंधरा मिनिटांत माझी मान भरून येते, आणि कमरेचा पट्टा नेमका सीझरच्या टाक्यांवर बसतो. पट्टा सैल केला की बाळ खाली सरकतं, त्याचं नाक माझ्या पोटाशी येतं आणि मी एका हाताने त्याला सावरत चालते. लहान बाळासाठीची आतली गादी पिशवीत नव्हती. शनिवारी तालमीला दोन तास यायचंय. स्ट्रेची रॅप (ताणलं जाणारं लांब कापड) घेऊ, रिंग स्लिंग (दोन रिंगांतून ओवून एका खांद्यावर घ्यायचं कापड) घेऊ, की ह्यातच काही जमेल? जरा लवकर सांगा. रात्री हा खाली ठेवूच देत नाही, हात गळून जातात.

---

प्रेषक: पेटीवाली मावशी

अगं, पेटीतून वस्तू नेताना वहीत लिहायचं, हे मी वार्षिक सभेतही सांगितलं होतं. गादी पिशवीतच होती, मागच्या वेळी मी स्वतः धुऊन ठेवली होती. ज्यांनी कॅरिअर तुझ्याआधी नेला त्यांनी घरात शोधावी. स्ट्रेची रॅपही परत आलेला नाही, तो कुणाकडे आहे हे मला माहीत आहे, त्यांनी आपणहून आणून द्यावा. आणि कृपा करून कॅरिअरला टाके घालणं, पट्टे कापणं असलं काही करू नका. मागे कुणीतरी रिंग स्लिंगच्या रिंगा बदलून पडद्याच्या रिंगा घातल्या होत्या. त्यांना जोड असतो, वजनाने तो उघडू शकतो. मी ते स्लिंग पेटीतून काढून टाकलं.

---

प्रेषक: जुळ्यांची आई

स्ट्रेची घे, दुसरा विचारच करू नकोस. माझ्या दोघी साडेतीन महिन्यांच्या होईपर्यंत मी तेवढ्यावर काढलं, एक माझ्या छातीवर, एक ह्यांच्या. साधारण पाच मीटर कापड असतं. आधी अंगावर बांधायचं, मग बाळ आत घालायचं. पोटावर बकल नाही, जाड पट्टा नाही, त्यामुळे टाक्यांना काही टोचत नाही. फक्त कमरेची शेवटची गाठ टाक्यांवर मारू नकोस, बाजूला घे. अंगाला चिकटलेला टी-शर्ट बसतो तितकं घट्ट बांधायचं. पहिल्यांदा सगळेच सैल बांधतात, कारण बाळ दबेल अशी भीती वाटते. मग दहा मिनिटांत बाळ बेंबीपर्यंत उतरतं आणि रॅपला बोल लागतो.

विणलेल्या कापडाचे रॅप त्याहून टिकाऊ. जर्मनीत एरिका हॉफमन यांना जुळं झालं, त्या लांब विणलेल्या कापडात बाळं बांधायच्या, आणि त्यातूनच १९७२ मध्ये डिडिमॉस ही रॅप बनवणारी कंपनी उभी राहिली. नावही ग्रीकमधल्या जुळ्यावरून. मला हे वाचून तेव्हा फार धीर आला होता.

---

प्रेषक: तबल्यावरचे दादा

रिंगांबद्दल मावशींचं अगदी बरोबर. आणि रॅप धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नका. कापड बुळबुळीत होतं आणि गाठ, रिंग दोन्ही सरकतात. आमच्याकडे एकदा तेच झालं, बाळ कडेवर होतं म्हणून हात पटकन गेला.

---

प्रेषक: फिजिओ

कपडे धुण्याआधी मूळ प्रश्नाकडे येऊ या. कमरेचा पट्टा टाक्यांवर आणि बाळ खाली, ही दोन दुखणी वेगळी नाहीत. बाळ जितकं खाली आणि शरीरापासून लांब, तितकं त्याचं वजन पुढे ओढतं आणि मान, खांदे ते तोलत राहतात. तुझी मान भरून येते ती त्याच्या ४.६ किलोमुळे कमी, त्या ओढीमुळे जास्त. म्हणून पट्टा टाक्यांच्या वर, फासळ्यांच्या खाली आडवा घे आणि तिथेच आवळ. बाळ आपोआप वर येतं. मान जरा झुकवली की त्याच्या टाळूची पापी घेता आली पाहिजे. मागचा आडवा पट्टा मानेशी नको, खाली खांद्याच्या दोन्ही पात्यांच्या मध्ये हवा. तुझ्या मानेचं दुखणं तिथूनच येतंय असं मला वाटतं. आणि टाक्यांची जागा दुखत असेल तर डॉक्टरांना आधी दाखव, पट्ट्याच्या नादात ते राहून जायला नको.

आता गादी. कॅरिअरच्या आतल्या लेबलवर किमान वजन बघ. ३.५ किलोपासून लिहिलं असेल तर वजनात बाळ बसतं, पण गादीसह की गादीशिवाय, हे त्या लेबलवरच पाहायचं. गादी लागते ती उंचीसाठी. बाळ कापडात रुतलं, नाक झाकलं गेलं, तर कितीही आरामदायी वाटो, वापरू नकोस.

---

प्रेषक: तबल्यावरचे दादा

ताई, गादीऐवजी टॉवेलची वळकटी बुडाखाली ठेवली तर? मी तसंच करायचो. आणि समोरच्या कापडाचा वरचा काठ खाली दुमडायचा.

---

प्रेषक: फिजिओ

काठ दुमडायला हरकत नाही, कापड मानेच्या मागे कानाच्या पातळीपर्यंत आलं की पुरे. वळकटी मात्र नको. ती सरकते, बाळाची पाठ वाकते आणि हनुवटी छातीवर टेकते. एवढ्या लहान बाळाची मान अजून धरलेली नसते, श्वासनलिका मऊ असते. हनुवटी छातीवर दाबली गेली तर ते आवाजही करत नाही. हनुवटीखाली दोन बोटं जातील एवढी जागा कायम हवी. मी हे मुलांच्या सगळ्या आईबाबांना बोटं घालून दाखवते.

पायांचंही बघ. गुडघे बुडाच्या वर, कापड एका गुडघ्याच्या मागून दुसऱ्या गुडघ्याच्या मागेपर्यंत, मांड्या इंग्रजी M अक्षरासारख्या. पाय सरळ खाली लोंबकळले तर खुब्यावर ताण येतो. उलट बैठक बाळाहून रुंद असली तर पाय ताणून फाकतात, तेही नको.

---

प्रेषक: पेटीवाली मावशी

खुब्याचं ठीक आहे, पण बैठक अरुंद करायला कुणी त्यावर शिवण घालू नका, एवढंच म्हणते. नाडी बांधली तर बांधा, सोडता येते.

---

प्रेषक: आजी (नात पहिली)

माझ्या मुलींना मी झोळीतच वाढवलं. जुनं सुती कापड खांद्यावरून तिरकं, बाळ आडवं, पाय आत. इतके नियम नव्हते. आणि सारखं अंगावर ठेवलं तर हाताची सवय लागते, मग खाली टाकताच येत नाही. सध्या माझी लेक तेच म्हणते, आणि मीही तिला तेच म्हणते.

---

प्रेषक: जुळ्यांची आई

आजी, सवयीबद्दल मनापासून सांगते, मला उलट अनुभव आला. १९८६ मध्ये मॉन्ट्रियलच्या डॉक्टरांनी पिडिअ‍ॅट्रिक्स नियतकालिकात प्रसिद्ध केलं होतं: ज्या आईबाबांना बाळ रोज जास्त वेळ अंगावर घ्यायला सांगितलं, त्यांची बाळं सहाव्या आठवड्यात ४३ टक्के कमी रडली. म्हणजे कुणी लाडावली नाहीत, शांत झाली. सहावा-सातवा आठवडा तसाही सगळ्यात रडका असतो, हे नव्या आईला कळायला हवं.

---

प्रेषक: फिजिओ

आजी, झोळीबद्दल नम्रपणे पण ठामपणे सांगते. पिशवीसारखी खोल झोळी, त्यात बाळ आडवं, हे एवढ्या लहानांसाठी सगळ्यात धोक्याचं. अमेरिकेतल्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने मार्च २०१० मध्ये असल्या झोळ्यांबद्दल इशारा दिला, तो मुख्यतः चार महिन्यांखालच्या बाळांसाठी. बाळ उभं, चेहरा दिसता, पाठीला आधार, आणि आपल्याला घट्ट बिलगलेलं, ही चार कामं कापडाने केली तर ते कापड चांगलं. रिंग स्लिंगही उभ्या बाळासाठी वापरता येतं, पण वजन एकाच खांद्यावर येतं. शनिवारी दोन तास आणि मान आधीच दुखतेय, म्हणून सध्या नको. बाळ बसायला लागलं की कडेवर घ्यायला ते फार सोयीचं. पाठुंगळीला घेण्याचा विचार तर अजून चारपाच महिने दूर ठेव.

---

प्रेषक: आजी (नात पहिली)

ताई, तुझी चार कामं मी कागदावर लिहून घेतली. लेकीला पाठवते. माझ्या वेळी बाळ आडवंच असायचं, आणि मी दर दोन मिनिटांनी चेहऱ्यावरचं कापड बाजूला सारायचे, ते आता आठवलं.

---

प्रेषक: सात आठवड्यांच्या बाळाची आई

मंडळी, काल संध्याकाळी पट्टा फासळ्यांच्या खाली घेतला, मागचा पट्टा खाली ओढला. पंचवीस मिनिटं चालले, मानेला काहीच नाही. पण बाळ कापडात अजून रुततंच. आरशात बघितलं तर मला फक्त टोपीचं टोक दिसत होतं, नाक नाही. काढलं लगेच.

म्हणून शनिवारसाठी स्ट्रेचीच. मावशी, ज्यांच्याकडे आहे त्यांना प्लीज सांगाल का? ताई, तुम्ही तालमीआधी दहा मिनिटं बांधून बघाल का? आणि एक विचारायचं राहिलं, आत अंगावर किती कपडे घालू? काल त्याची मान घामाने ओली होती.

---

प्रेषक: फिजिओ

ये सव्वापाचला. कापडाचे थर कपड्यांसारखेच मोजायचे, म्हणजे आत एक पातळ कपडा पुरे. मानेच्या मागे हात लावून बघत जा, हातपाय गार असले तरी चालतात. खाली वाकताना एक हात बाळाच्या डोक्यामागे आणि गुडघ्यातून वाक, कमरेतून नको. स्वयंपाकघरात उकळत्या भांड्यापाशी कॅरिअर घालून उभी राहू नकोस.

---

प्रेषक: तबल्यावरचे दादा

मावशी, माझ्या पिशवीच्या तळाशी गादी सापडली. तबल्याच्या डग्ग्याखाली ठेवायला घेतली होती, हे माझ्या लक्षातच राहिलं नाही. मनापासून माफ करा. धुऊन शनिवारी आणतो, वहीत मीच लिहीन.

---

प्रेषक: पेटीवाली मावशी

धुवायला साधी पावडर, सॉफ्टनर नाही. रॅपही येतोय, त्यांचा आत्ताच फोन आला.