‘डिव्हॉल्व्ड’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : स्कॉटिश संसदेच्या कायद्यांवरचा मजकूर मराठीत आणायचा आहे. ‘डिव्हॉल्व्ड’ विषय, म्हणजे लंडनच्या संसदेने स्कॉटलंडकडे दिलेले विषय, त्यांना विकेंद्रित म्हणायचं की प्रत्यायोजित? आणि विधेयकाला राजाची मंजुरी मिळते त्या ‘रॉयल असेंट’ला राजसंमती लिहिलं तर चालेल?

उत्तर : प्रत्यायोजित नक्कीच नको. कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार खात्याला दिला, तर त्याला आपण प्रत्यायोजित विधिविधान म्हणतो. एडिंबरोची स्कॉटिश संसद मूळ अधिनियमच करते. विकेंद्रित फार ढोबळ, तो ग्रामपंचायतीलाही लागतो.

नेमका शब्द आपल्याकडे तयार आहे : सोपीव. १९१९च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली तेव्हाची ‘सोपीव खाती’ आणि ‘राखीव खाती’ शाळेत सगळ्यांनी वाचलेली असतात. त्या वाटपाच्या नियमांचं इंग्रजी नावच ‘डिव्होल्यूशन रूल्स’ होतं! फरक एवढाच की तेव्हा राखीव खाती प्रांताच्या गव्हर्नरकडेच राहत. स्कॉटलंडचे राखीव विषय वेस्टमिन्स्टरकडे, म्हणजे लंडनच्या ब्रिटिश संसदेकडे आहेत. १९९८च्या स्कॉटलंड अधिनियमाच्या पाचव्या अनुसूचीत संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, चलन वगैरे राखीव विषय मोजून दिलेत. सोपीव विषयांची यादी नाही. जे राखीव नाही ते सोपीव.

उत्तर : ‘सोपीव’ला माझाही दुजोरा. राजसंमती मात्र बदला. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात राज्यपाल विधेयकाला ‘अनुमती’ देतात. म्हणून राजाची अनुमती. ‘संमती’ राखून ठेवा, कारण ती दुसरीकडे लागणार आहे : वेस्टमिन्स्टरला सोपीव विषयावर कायदा करायचा असला की स्कॉटिश संसदेकडे मागतात ती संमती. दोन्हीकडे एकच शब्द वापरलात तर कोण कोणाला परवानगी देतंय हेच कळणार नाही. याच कारणाने ‘विधेयक संमत झालं’ हेही टाळा, ‘पारित झालं’ लिहा.

प्रश्न : मग पारित झाल्यावर लगेच ‘कायदा झाला’ म्हणायचं ना?

उत्तर : नाही, सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. पहिल्या टप्प्यात तत्त्वांवर चर्चा, दुसऱ्यात समितीपुढे दुरुस्त्या, तिसऱ्यात सभागृहात शेवटचं मतदान. त्यानंतरही चार आठवडे सरकारचे विधी अधिकारी विधेयक ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात नेऊ शकतात. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं विधेयक पाहा. १६ मार्च २०२१ला पारित झालं, ६ ऑक्टोबरला न्यायालयाने त्यातल्या काही तरतुदी अधिकारक्षेत्राबाहेरच्या ठरवल्या, दुरुस्त होऊन ७ डिसेंबर २०२३ला पुन्हा पारित झालं. अनुमती १६ जानेवारी २०२४ची, म्हणून क्रमांक ‘२०२४ एएसपी १’ (एएसपी म्हणजे स्कॉटिश संसदेचा अधिनियम). अंमल १६ जुलैपासून. वर्ष आणि क्रमांक अनुमतीवरून पडतात. तुमच्या मजकुरात ‘२०२१चा कायदा’ असेल तर तो खोडा.

प्रश्न : २०२३मध्ये लिंगओळखीच्या विधेयकाला ‘अनुमती नाकारली’ असं लिहिलंय. ते बरोबर?

उत्तर : चूक. ते राजापर्यंत गेलंच नाही. लंडन सरकारच्या स्कॉटलंड मंत्र्यांनी स्कॉटलंड अधिनियमाच्या कलम ३५ खाली आदेश काढून पीठासीन अधिकाऱ्यांना (स्कॉटिश संसदेच्या अध्यक्षांना) ते अनुमतीसाठी पाठवायला मनाई केली. ‘अनुमतीसाठी पाठवण्यास मनाई’ असंच सरळ लिहा. ‘राखून ठेवलं’ लिहू नका. आपल्याकडे राज्यपाल राष्ट्रपतींसाठी विधेयक राखून ठेवतात ती गोष्ट वेगळी, आणि वर ‘राखीव विषय’ आलेच आहेत.