फुलांचा चहा रोज घेतला तर चालतो का? (आईला बीपीची गोळी चालू आहे)

निळीशाई:
नमस्कार मंडळी, झोपेचं पार खोबरं झालंय म्हणून संध्याकाळनंतरचा चहा बंद करून फुलांचा चहा सुरू करावा म्हणतेय. घरात सुकवलेलं कॅमोमाइल, हिबिस्कस आणि निळी गोकर्ण अशी तीन पाकिटं आहेत. कोणी म्हणतं दहा मिनिटं खळखळ उकळा, कोणी म्हणतं उकळलं की सगळं गेलं, नक्की काय करायचं? दुसरं म्हणजे आईला हिबिस्कसचा रंग इतका आवडलाय की ती दिवसाला चार-पाच कप रिचवेल अशी लक्षणं आहेत आणि तिला बीपीची गोळी चालू आहे. आणि कुंडीतली फुलं सुकवून वापरली तर?

रिकामी_किटली:
उकळू नका हो, काढा नाही करायचा. पाणी उकळलं की गॅस बंद करा, मग फुलं टाका आणि लगेच झाकण. कॅमोमाइल कपाला साधारण २ ग्रॅम, म्हणजे दोन छोटे चमचे, ५ ते ७ मिनिटं बास. झाकणाचा कंटाळा करू नका, त्याचा वास म्हणजेच त्यातलं तेल आणि ते वाफेबरोबर उडून जातं. झाकण उचललंत की आतून थेंब लटकलेले दिसतील, ते परत कपात झटकायचे. गाळणी बारीक घ्या नाहीतर फुलांचा भुगा घशात खवखवतो.
हिबिस्कस आंबट असतं म्हणून स्टील, काच किंवा चिनी माती, अॅल्युमिनियम आणि तांबं नको. गोकर्ण सगळ्यात सोपी, पाकळ्या फिकट पडल्या की झालं, वर लिंबू पिळलं की निळ्याचं जांभळं होतं. चवीला मात्र काहीच नाही, सगळा मामला रंगाचा.
आणि हो, जास्मिन टी घ्यायला जाल तर तो बहुतेक वेळा मोगऱ्याच्या फुलांचा वास दिलेला खराखुरा चहा असतो, म्हणजे कॅफिन आलंच. झोपेसाठी काय उपयोग!

गोळीवाला:
मी औषधाच्या दुकानात बसतो त्यामुळे आईंबद्दलच लिहितो. हिबिस्कसने बीपी खरंच थोडं उतरतं. २०१० साली अमेरिकेत ६५ लोकांवर केलेला एक अभ्यास आला होता, रोज ३ कप, ६ आठवडे, आणि वरचा आकडा सरासरी ७ ने खाली आला, नुसतं तसंच दिसणारं-लागणारं पेय घेणाऱ्यांचा साधारण १ ने. पण त्या लोकांना बीपीची औषधं चालू नव्हती हे कोणी सांगत नाही. गोळी अधिक चार-पाच कप म्हणजे बीपी गरजेपेक्षा खाली जाऊन उठल्यावर चक्कर यायची शक्यता. एका कपावर ठेवा, घरी मशीन असेल तर रीडिंग लिहून ठेवा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हे पितोय. चहा सुरू केला म्हणून गोळी बंद असला प्रकार अजिबात नको, असे लोक मला काउंटरवर नेहमी भेटतात.
रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर कॅमोमाइलही जपून. वॉरफरिनवर असलेल्या सत्तर वर्षांच्या एका बाईंना कॅमोमाइलचा चहा आणि लोशन दोन्ही भरपूर वापरल्यावर आतून रक्तस्राव झाल्याची केस २००६ साली छापून आली होती. झोपेच्या गोळीबरोबर घेतलं तर गुंगी वाढू शकते. गरोदरपणात हिबिस्कस नकोच. लोहाची गोळी चालू असेल तर ती आणि चहा यात तासाभराचं अंतर ठेवा.

पानाफुलात:
कुंडीवाल्या प्रश्नाचं कोणीच बोललं नाही. पाकिटातलं हिबिस्कस म्हणजे बहुतेक वेळा लाल अंबाडीच्या फुलाखालचं ते मांसल लाल आवरण, कुंडीतली जास्वंद नात्यातलीच पण वेगळी जात. वरचा अभ्यास अंबाडीवरचा आहे, जास्वंदीला तो आपोआप लागू होत नाही.
कण्हेर, बिट्टी आणि धोतरा यांच्या वाटेला जाऊ नका. कण्हेरीचं विष थेट हृदयावर जातं आणि उकळून ते मरत नाही, त्यामुळे "उकळलंय ना मग काय होतंय" हे लॉजिक इथे चालत नाही. सदाफुलीची फुलं शुगरसाठी उकळून पिणारे लोक बघितलेत, त्याच झाडापासून कॅन्सरची औषधं काढतात, ती काय गंमत आहे का. फुलवाल्याकडच्या गुच्छातली फुलंही नको, ती खाण्यासाठी वाढवलेली नसतात, फवारणी कसलीही असू शकते. घरच्या गुलाबावर औषध मारत नसाल तर पाकळ्या खुशाल वापरा.
शेवंती, झेंडू यांच्या परागांनी शिंका किंवा पुरळ येणाऱ्यांनी कॅमोमाइल पहिल्यांदा अगदी थोडं घेऊन बघावं, एकाच कुळातली मंडळी आहेत. ओठ सुजले, घसा आवळला किंवा श्वास अडकला तर चहा ठेवा बाजूला आणि सरळ दवाखाना गाठा.

उगाचच:
एवढं वाचून साधं गरम पाणीच प्यावंसं वाटायला लागलं 😀

गोळीवाला:
अहो उगाचच, औषधं नसलेल्या धडधाकट माणसाने एक-दोन कप घेतले तर काही होत नाही. घोळ होतो तो पाच-सहा कप आणि वर गोळ्या यांनी.

निळीशाई:
खूप मदत झाली. आईला एका कपावर आणलंय, नाराज आहे पण ऐकलं. हिबिस्कस रात्रभर गार पाण्यात भिजवून ठेवलं तर चालेल का, तिला गार आवडतं.

रिकामी_किटली:
चालेल, पण फ्रिजमध्ये, ओट्यावर नाही. सुकवलेल्या फुलांवर जंतू असू शकतात आणि गार पाण्याने ते मरत नाहीत, म्हणून मी तरी गरम पाण्यात करून गार करते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत संपवते. आंबट आहे तर घोट घोट करत तासभर पिऊ देऊ नका, दातांचं एनॅमल झिजतं. पिऊन झालं की साध्या पाण्याने चूळ, ब्रश अर्ध्या तासाने.