पंप बदलूनही लोडर तापतोय?

दादा, जुन्या स्किड स्टीअरला, म्हणजे त्या छोट्या लोडरला, नवा वॉटर पंप बसवला तरी तापमानाचा काटा वर चढतोय म्हणालात. माझ्या मते कूलंटच्या, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या, वाटेत हवा अडकलीय. बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रीची वाळू ओढणाऱ्या आमच्या मशीनचंही हेच झालं होतं. इंजिन पूर्ण गार असतानाच रेडिएटरचं झाकण काढा, कूलंट सावकाश ओता आणि वरचा होज हाताने दाबत राहा. बुडबुडे यायचे थांबले की इंजिन चालू करा. इंजिन तापल्यावर थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) उघडला की पातळी झपकन खाली जाते, तेव्हा परत भरा. नुसतं बोअरचं पाणी कृपा करून घालू नका, आत क्षार धरतात.

बेल्टचा ताण तपासलात ना? रेडिएटरच्या जाळ्याही बघा. आमच्या तर काळ्या धुळीने बुजल्या होत्या, पलीकडचा उजेडसुद्धा दिसत नव्हता.