शेतात राबणाऱ्या बाईला व्यायामाच्या वर्गाची गरज आहे काय?

पऱ्हाटी (धागाकर्ती)

पोळा झाल्यानंतरच्या आठवड्यात मी वरुडला, केवळ महिलांसाठी चालणाऱ्या एका लहानशा फिटनेस स्टुडिओत, एका दिवसाचा अनुभववर्ग करून आले. तेव्हापासून घरात आणि शेजारी जी चर्चा सुरू आहे ती येथे मांडावी, कारण गावात ती थट्टेच्या पलीकडे जात नाही.

माझे वय ४३. गाव मोर्शी तालुक्यातले. घरी संत्र्याची लहान बाग आहे आणि चार एकरांत कपाशी व तूर. मजूर लावतो, परंतु निंदण आणि वेचणी या दोन्ही कामांना मी स्वतः ओळीत असते. वर्ग एका दुकानाच्या माडीवर भरतो. एका भिंतीला आरसा, खाली चटया, कोपऱ्यात लहान डंबेल. बारांहून अधिक जणींना एका वेळी घेत नाहीत. त्या दिवशी आम्ही नऊ होतो. पंचेचाळीस मिनिटांच्या त्या वर्गाचे दीडशे रुपये घेतले.

बैठका सुरू झाल्या तेव्हा मी मनातल्या मनात हसले. शहरवजा राहणीच्या इतर जणी अर्ध्यावर अडत होत्या आणि मी टाचा न उचलता पूर्ण खाली बसत होते, कारण निंदणाला बसण्याचा माझा पंचवीस वर्षांचा सराव आहे. नंतर प्रशिक्षिकेने एक रबरी पट्टा हातात दिला. तो छातीसमोर ताणून धरायचा, दोन्ही हात मागे न्यायचे आणि पाठीची पाती एकमेकींजवळ आणायची, असे पंधरा वेळा. सातव्या वेळी माझे हात थरथरू लागले आणि नवव्या वेळी मी थांबले, तेव्हा माझ्या शेजारची, शिवणकाम करणारी बाई बारा पूर्ण करून माझ्याकडे पाहत होती.

परतीच्या एसटीत मी हाच विचार करीत बसले. माझे सगळे काम पुढे आणि खाली आहे: निंदण, वेचणी, धुणे, भाकरी थापणे, संत्र्यांची प्रतवारी. जोर लावून मागे ओढायचे काम एकच होते, विहिरीच्या दोराचे, आणि घरी नळ येऊन आता बारा वर्षे झाली. दिवसभर राबूनही शरीराचा एक मोठा भाग वर्षानुवर्षे कामालाच लागत नाही, ही गोष्ट मला एका माडीवरच्या खोलीत समजली. म्हणून माझे मत असे झाले आहे की शेतकाम हा व्यायाम नव्हे आणि शेतातल्या बाईलाही अशा वर्गाची गरज आहे. आपणास काय वाटते?

वावरवाला

ताई, आपण प्रामाणिकपणे लिहिले आहे, तरीही मी असहमत आहे.

या वर्गांचा जन्म कशातून झाला ते पाहावे. एकाच प्रकारचा व्यायाम, थोडी माणसे, सजवलेली खोली आणि चढे शुल्क, ही कल्पना मोठ्या शहरांतील खुर्चीवर बसून काम करणाऱ्यांसाठी निघाली. केवळ स्त्रियांसाठी अर्ध्या तासाचे यंत्रांचे चक्र लावणारी एक मोठी साखळी १९९२ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात सुरू झाली आणि नंतर तिचे अनुकरण सर्वत्र झाले. ज्या समाजात दळण, पाणी, सरपण आणि चालणे ही सर्व कामे यंत्रांनी केली, तेथे श्रम विकत घ्यावे लागतात. आपल्याकडे श्रम विकले जातात. रोजगार हमीची महाराष्ट्रातील मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये ठरलेली होती. आपल्या स्टुडिओचे महिन्याचे शुल्क दीड हजार असेल, तर ती जवळजवळ पाच दिवसांची मजुरी झाली, आणि लाडकी बहीण योजनेचा महिन्याचा हप्ताही नेमका तेवढाच आहे. तो पैसा घरात येताच त्याला बाहेर नेणारे दुकान तालुक्यात उघडावे, याचे मला कौतुक वाटत नाही.

पाठ दुखत असेल तर उभे राहून वापरण्याचे निंदणीचे अवजार घ्यावे. चार वेळा वर्गाला जाण्याच्या पैशात ते मिळेल आणि कारणच नाहीसे होईल.

निवृत्त क्रीडाशिक्षक

वावरवाला यांच्या आर्थिक मुद्द्यात तथ्य आहे, परंतु व्यायामाची कल्पना बाहेरून आली असे जे सूचित होते ते विदर्भापुरते तरी खरे नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तेथील पथकाने कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके करून दाखविली होती. गावोगावी आखाडे होते, लेझीम होते, दंड-बैठका होत्या, आणि यांपैकी कशालाही शुल्क नव्हते. मी स्वतः तीस वर्षे मुलांना हेच शिकविले. आज गावच्या मैदानाकडे पाठ फिरवून तालुक्याच्या माडीवर आरशासमोर उभे राहण्यात आपण काय मिळवितो, हे मला समजत नाही. शिवाय बहुतेक मोठ्या गावांत आता खुली व्यायामशाळा आहे. तेथील उपकरणे गंजत आहेत. त्यांचा उपयोग महिलांनी का करू नये?

मृगबहार

गुरुजी, आपल्याविषयी आदर ठेवून विचारते. आपण तीस वर्षांत शिकविलेल्या मुलांमध्ये मुली किती होत्या?

आमच्या गावच्या आखाड्याची भिंत मारुतीच्या देवळाला लागून होती आणि नैवेद्याचे ताट घेऊन त्या भिंतीपर्यंत जाणे, एवढाच आमचा व्यायामाशी संबंध होता. शुल्क नव्हते हे खरे आहे. आमच्यासाठी दारही नव्हते. खुल्या व्यायामशाळेबद्दल सांगायचे तर ती आमच्या ग्रामपंचायतीसमोर आहे, तिच्या पायऱ्यांवर सकाळ-संध्याकाळ पुरुष बसलेले असतात, आणि साडी नेसलेल्या पन्नाशीच्या बाईने त्यांच्यासमोर पाय पुढे-मागे झुलवावेत अशी अपेक्षा करणे सोपे आहे. ती पाळणे सोपे नाही. शिवाय त्या उपकरणांत वजन कमी-जास्त करता येत नाही. बहुतेकांत स्वतःच्याच शरीराचा भार असतो. ऐंशी किलोच्या बाईला पहिल्या दिवशी जो भार, तोच महिन्यानंतरही.

केवळ बायकांची खोली, दार लावलेले, आणि चुकले तर हसणारे कोणी नाही. दीड हजार रुपयांपैकी हजार तरी मी या एवढ्यासाठी देत आहे असे समजा. हो, मीही जाते, दुसऱ्या तालुक्यात. सांगायचे टाळत होते.

अंगसाधना (फिजिओथेरपिस्ट, अमरावती)

येथे दोन प्रश्न एकमेकांत गुंतले आहेत. शेतकाम म्हणजे व्यायाम काय, हा एक. आणि या विशिष्ट वर्गाला पैसे द्यावेत काय, हा दुसरा. पहिल्याबद्दल मला काही खात्रीने सांगता येईल.

हालचाल आणि व्यायाम यांत फरक आहे. कापूस वेचणारी बाई सात-आठ तास कंबरेतून वाकलेली असते, ओटीत साठत जाणारा कापूस तिला आणखी पुढे ओढतो, आणि तिची मजुरी किलोवर असल्याने विसावा घेणे म्हणजे पैसे गमावणे. स्नायूवर भार येतो, पण तो त्याच स्नायूवर, त्याच कोनात, न थांबता येतो. व्यायामात भार थोड्या वेळासाठी, ठरवून, सर्व दिशांनी दिला जातो आणि मधे विश्रांती असते. त्या विश्रांतीतच स्नायू मजबूत होतो. म्हणून धागाकर्तीला बैठका सहज जमल्या आणि पट्टा जमला नाही, यात नवल काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांची मध्यम हालचाल सांगितली आहे. ती आपल्या शेतकरी भगिनी बुधवारपर्यंत पूर्ण करतात. परंतु त्याच सूचनांत आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम वेगळा सांगितला आहे, आणि राहते ते हेच. पाळी थांबल्यानंतर हाडांची झीज वेगाने होते, तेव्हा या दोन दिवसांचे मोल आणखी वाढते.

आणखी एक गोष्ट, जी स्टुडिओत फारशी विचारली जात नाही. वारंवार बाळंतपणे झालेल्या, डोक्यावर ओझी वाहिलेल्या बऱ्याच स्त्रियांना ‘अंग बाहेर येण्याचा’, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याचा, त्रास असतो आणि त्या तो कोणालाही सांगत नाहीत. अशा स्त्रीने उड्यांचे प्रकार किंवा श्वास रोखून वजन उचलणे टाळावे; ओटीपोटाच्या तळाचे स्नायू आवळण्याचा व्यायाम आधी शिकावा. पहिल्या दिवशी बाळंतपणे, रक्तदाब आणि गुडघे यांची चौकशी न करता जी प्रशिक्षिका थेट उड्या मारायला लावते, तिच्याकडे पुन्हा जाऊ नये.

पांदण

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करते, म्हणून थोडेसेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर तो रक्तक्षय धरतात. अशी बाई पहिल्या दहा मिनिटांत धापा टाकते, तिला वाटते आपण आळशी आहोत, आणि ती पुन्हा जात नाही. वर्गाला पैसे भरण्याआधी रक्त तपासून घ्यावे. जेवणात डाळ कमी आणि झोप सहा तासांहून कमी, अशा शरीरावर डंबेलचा काही उपकार होणार नाही. मला तर वावरवाला यांच्यापेक्षाही अधिक शंका आहे, पण ती शुल्काबद्दल नाही.

वावरवाला

अंगसाधना यांचे म्हणणे मी मान्य करतो, आणि ते मान्य केल्यानेच माझा आक्षेप अधिक ठाम होतो. दोन दिवस, सर्व स्नायू, मधे विश्रांती: यासाठी रबरी पट्टा आणि घरातील भिंत पुरते. आरसा लागत नाही.

मग उरतो तो मृगबहार यांचा मुद्दा, की पैसे खोलीचे आहेत. तो मला पटला हे कबूल करतो. माझ्या घरातही पत्नीला स्वतःची म्हणावी अशी जागा स्वयंपाकघराव्यतिरिक्त नाही. तरीही एक प्रश्न विचारतो. त्या खोलीतील नऊ जणींत रोजमजुरीने निंदणाला जाणारी एकही बाई होती काय? धागाकर्तीने शीर्षकात ‘शेतात राबणारी बाई’ लिहिले आहे, परंतु तिच्या ओळीत तिच्यासोबत बसणाऱ्या, तिच्याचकडून मजुरी घेणाऱ्या बायांची पाठ तिच्याहून जास्त वाकलेली आहे. त्यांच्यासाठी हा वर्ग आहे काय? नसेल, तर शीर्षक बदलावे.

(जाता जाता: २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यायामशाळांवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे, आणि वीस लाखांच्या आत वार्षिक उलाढाल असलेल्या लहान स्टुडिओला सहसा नोंदणीचीही गरज नसते. पावतीवर नोंदणी क्रमांक नसताना कोणी कर लावीत असेल तर विचारावे.)

पऱ्हाटी (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. रक्त तपासून घेतले, १०.८ निघाले. गोळ्या सुरू केल्या आहेत. पांदणताई, आपण सांगितले नसते तर मी खरोखर स्वतःला आळशी समजले असते.

गुरुजींना एवढेच सांगते की मैदान मला नको आहे असे नाही, मैदानाला मी नको आहे.

शुल्काबाबत असे ठरविले की दिवाळीपर्यंत आठवड्यातून दोन दिवस जाणार. एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्याने जाण्यायेण्याचा खर्च झेपतो. वेचणी लागली की त्या महिन्यांचे पैसे भरणार नाही, कारण त्या दिवसांत साडेपाचला उठून वरुड गाठणे होणार नाही आणि प्रशिक्षिका दुपारी वर्ग घेत नाही.

वावरवाला भाऊंच्या प्रश्नाचे उत्तर: नव्हती. एकही नव्हती. प्रश्न वाचल्यावर मी आमच्याकडे निंदणाला येणाऱ्या दोघींना विचारले, पहिल्या दिवसाचे पैसे मी देते, सोबत चला. त्यांतल्या मोठीने खुरपे न थांबवता विचारले, “तिथं हात मांगं वढाचे किती पैसे भेटतेत, बाई?” दुसरी हसली. मला उत्तर सुचले नाही, आणि मजुरीचा दिवस बुडवून कोणी यावे असे म्हणण्याचा मला अधिकारही नव्हता. शीर्षक बदलण्याचा विचार करते आहे.

मात्र रबरी पट्टा मी विकत घेतला आहे आणि तो परवा पिशवीतून वावरात गेला. जेवणाच्या सुट्टीत त्याच मोठीने तो उचलला, कशाचा आहे म्हणून विचारले, आणि मी दाखविल्याप्रमाणे छातीसमोर धरून ओढू लागली. मी मोजत होते. अठरा वेळा ओढून तिने तो माझ्याकडे परत केला, हात थरथरले नाहीत. मी विचारले तेव्हा कळले की त्यांच्या वस्तीत नळ आहे, पण त्याला पाणी आठवड्यातून एकदा येते. बाकीचे दिवस त्या विहिरीवरून दोराने ओढतात.