सममितीचाही विचार हवा

कार्बन-हायड्रोजन बंधाला ध्रुवीयता (एका टोकाला किंचित ऋण, दुसऱ्याला किंचित धन प्रभार) नसतेच, असे इथल्या चर्चेत एका सदस्यांनी लिहिले आहे; त्यात थोडी भर. पॉलिंग श्रेणी या प्रचलित मोजपट्टीनुसार कार्बनची विद्युतऋणता, म्हणजे बंधातील इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढण्याची क्षमता, २.५५ आणि हायड्रोजनची २.२० असल्याने हा बंध किंचित ध्रुवीय असतो, मात्र मिथेनच्या चतुष्फलकीय रचनेत (मध्ये कार्बन, चार कोपऱ्यांवर हायड्रोजन) चारही बंधांचे परिणाम एकमेकांना रद्द करतात. सममिती ढळली की टोल्युइनसारख्या हायड्रोकार्बनलाही (फक्त कार्बन-हायड्रोजनचे संयुग) सुमारे ०.३६ डिबाय द्विध्रुव परिबल मिळते (रेणूच्या एकूण ध्रुवीयतेचे माप; डिबाय हे त्याचे एकक), पाण्याच्या १.८५ पुढे ते किरकोळच म्हणायचे. आपल्या खान्देशी शेवभाजीवरची तेलाची लालभडक तर्री अर्थात शुद्ध हायड्रोकार्बन नव्हे. शेंगदाणा तेलाच्या रेणूत ऑक्सिजन असलेले एस्टर गट असतात, तरीही लांबलचक हायड्रोकार्बन साखळ्यांचेच वर्चस्व राहते, म्हणून तेल बहुतांशी अध्रुवीयच वागते, आणि मिरचीचे रंगद्रव्यही तसेच असल्याने तिचा रंग खालच्या पाणीदार रश्श्यापेक्षा तेलात अधिक उतरतो.